पेल्याची माती

जपानमध्ये संध्याकाळी साके पिण्यासाठी हातांनी घडवलेला मातीचा लहान पेला वापरतात. त्याला ‘गुइनोमी’ म्हणतात. मुठीत मावेल एवढा, थोडा वाकडा, बोटांच्या खुणा तशाच ठेवलेला. नामांकित कुंभाराचा असेल तर तो लाकडी पेटीत येतो आणि पेटीवर कुंभाराचे हस्ताक्षर असते. वर्षानुवर्षांच्या वापराने त्याचा रंग मुरतो व किंमतही वाढते. पूर्णा-नांदेड लोहमार्गावरच्या चुडाव्यात, किंवा गोदाकाठच्या कुठल्याही गावात, कुंभाराच्या भांड्याला असे भाग्य लाभल्याचे ऐकिवात नाही. आपल्याकडे जुने मडके म्हणजे फोडायचे मडके. असे का झाले?

पहिले कारण भट्टीचे. पाचव्या शतकात कोरियामार्गे जपानमध्ये बंदिस्त, चढणीवरची भट्टी पोहोचली. ओकायामा भागातील बिझेनची भांडी अशा भट्टीत आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ भाजतात. आच बाराशे अंशांपर्यंत जाते आणि माती दगडासारखी होते. त्यामुळे झिलई नसली तरी पेला पाझरत नाही. आपला आवा उघडा असतो. गोवऱ्या, काटक्या, पालापाचोळा यांवर तो सात-आठशे अंशांच्या आसपास तापतो. त्यातून निघालेले मडके पाझरते, म्हणून पाणी गार करते. उन्हाळ्यात हाच त्याचा गुण. पण त्यात ओतलेला पदार्थ त्याच्या अंगात शिरतो आणि धुऊन निघत नाही.

जपानी पेल्याच्या कौतुकात एक गोष्ट सहसा झाकली जाते. तोयोतोमी हिदेयोशीने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. परतताना जपानी सरदारांनी तिथले कुंभार पकडून आणले. हागीची प्रसिद्ध भांडी या कुंभारांनी सुरू केली. आरिता येथे पांढरी चिनी माती सापडली तीही, परंपरेनुसार १६१६ मध्ये, यी साम-प्योंग या कोरियन कुंभाराला. ज्या साधेपणाला आज सौंदर्य म्हटले जाते, त्यामागे युद्धकैद्यांचे हात आहेत.

मराठवाड्याला पेला नवा नाही, मद्यही नाही. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांचा उल्लेख आहे. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात इटलीच्या मद्याला अधिक पसंती होती, असेही त्यात नोंदले आहे. हे मद्य ज्या दोन कानांच्या उंच रांजणांतून येई, त्यांची खापरे नेवासे आणि जुन्नर येथे सापडली. तेरला पांढऱ्या केओलिन मातीच्या सुबक मूर्ती मिळाल्या. म्हणजे बारीक माती होती, हात होता, पिणारेही होते. कमतरता कारागिरीची नव्हती.

माझ्या मते खरा अडसर विटाळाचा होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भांड्यांच्या शुद्धीचे नियम आहेत. धातूचे भांडे राख, आंबट पदार्थ आणि पाणी यांनी शुद्ध होते. मातीचे भांडे पुन्हा भाजले की शुद्ध होते. मात्र मद्य, मलमूत्र, थुंकी किंवा रक्त लागलेले मातीचे भांडे पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाही. पाझरणाऱ्या मातीबद्दलचे निरीक्षण इथे धर्माज्ञा होऊन बसले. मग पिण्याचा मातीचा पेला जपून ठेवणार कोण? शिंदीच्या झाडाला लटकवलेले मडके निजामाच्या राज्यात गावोगाव होते आणि अबकारीने खजिना भरत होता. पण त्या मडक्याला घरात जागा नव्हती. प्रतिष्ठा पितळ-तांब्याला मिळाली. कुंभाराला मिळाली ती नव्याने भांडी विकण्याची हमी, कारण जुनी फेकलीच जात.

विसाव्या शतकात रेल्वेच्या वाटेने चहा आणि चिनी मातीची कपबशी गावात आली. झिलईमुळे ती पाझरत नव्हती; शास्त्राने दिलेले कारण तिथेच संपले. तरीही हॉटेलांत दलितांसाठी कान तुटलेले कप वेगळे ठेवले जात, बाहेर खांबाला किंवा कुडाला अडकवून, आणि पिणाऱ्यालाच ते विसळून ठेवावे लागत. जपानमध्ये फुटलेला पेला लाख आणि सोन्याच्या भुकटीने सांधून पाहुण्यासमोर ठेवतात. इथे फुटका कप माणसाची जागा दाखवण्यासाठी वापरला गेला. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने असे वेगळे भांडे ठेवणे गुन्हा ठरवले. दलित आत्मकथनांत त्या कपाच्या आठवणी आजही वाचायला मिळतात.

२००४ मध्ये रेल्वेने फलाटांवर मातीचे कुल्हड आणायचे ठरवले, ते कुंभारांना काम मिळावे म्हणून. ते कुल्हडही एकदाच वापरायचे आणि फोडायचे. आधी त्यातून कोण प्यायले, हा प्रश्न त्यात उद्भवत नाही.