वाटीतलं जर्दाळू

वालूरच्या बारवा पाहायला लोक लांबून येतात. चुलीवरचा इतिहास कोण बघतं? १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथल्या लग्नातलं गोड म्हणजे ‘खुबानी का मीठा’. खुबानी म्हणजे वाळलेलं जर्दाळू, अफगाणिस्तानाकडून यायचं. रात्रभर भिजवा, बिया काढा, त्याच पाण्यात मंद आचेवर मऊ शिजवा, मगच साखर. आधी घातली तर फळ ताठच राहतं. बी फोडून आतला गर वर घालतात. कडू लागला तर मात्र टाकून द्या, तो विषारी असतो.

आमच्या आजेसासूबाई हे शेजारच्या खालांकडून शिकल्या. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि खालांचं घर बंद झालं. त्यांची वाटी आमच्याकडेच राहिली. मी अजून तिच्यातच वाढते.