मूर्च्छित माशीचे कुळ

लंडनच्या वायव्येस पिनर गावी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हीथ रॉबिन्सन नावाचा चित्रकार राहत असे. त्याच्या चित्रांचे संग्रहालय २०१६ पासून तेथील बागेत उभे आहे. क्षुल्लक कामासाठी अवाढव्य यंत्र रचावे, ठिकठिकाणी गाठी मारलेल्या दोऱ्या चाकांवरून सोडाव्यात, आणि टक्कल पडलेल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी अत्यंत गंभीर मुद्रेने ते यंत्र चालवावे, ही त्याची तऱ्हा. जिवंत पेशीच्या आतील कारभार रेखाटण्यास हाच कलावंत योग्य होता असे माझे मत आहे. कारण तेथेही पीळ आहेत, आणि ते सोडवण्यासाठीच नेमलेले एक प्रथिन आहे. त्याची ही कुळकथा.

पेशीतील प्रत्येक दालन पटलाने बंदिस्त असते. बाहेर पाठवावयाच्या प्रथिनाच्या आरंभीच्या तुकड्यातच त्याला अंतर्द्रव्य जालिकेत प्रवेश देणारी खूण असते, हे ब्लोबेल प्रभृतींनी १९७० नंतरच्या दशकात सिद्ध केले. तेथून त्याची रवानगी गॉल्जीपिंडाकडे आणि पुढे मुक्कामाच्या ठिकाणी होते, ती सूक्ष्म पुटिकांतून. पुटिका इष्ट स्थळी पोहोचली की तिच्यावरील व समोरच्या पटलावरील प्रथिनांचे तंतू एकमेकांत गुंफून चार पदरांचा घट्ट पीळ बसतो, दोन्ही पटले ओढली जाऊन एकजीव होतात, आणि माल पलीकडे जातो. मागे उरतो तो पीळ. तो उलगडला नाही तर तेच तंतू पुन्हा कामास येत नाहीत, आणि वाहतूक खोळंबते.

या पिळाविषयी काहीच ठाऊक नव्हते तेव्हा, होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारणारे ओबेद सिद्दिकी, कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर यांच्यासमवेत फळमाश्या तापवीत होते. रसायनाच्या योगे ज्यांच्या जनुकांत बिघाड घडवला आहे अशा माश्यांच्या संततीतून, ऊष्मा वाढताच लुळ्या पडणाऱ्या तेवढ्या निवडून काढावयाच्या, असा तो उद्योग. त्यांतला एक वाण विलक्षण निघाला: इतर माश्या गारव्यात येताच उठून चालू लागत, ही मात्र बराच वेळ निपचित पडून राही. तिचे नाव ‘कोमाटोज’, म्हणजे मूर्च्छित, ठेवण्यात आले, आणि १९७६ साली तिची हकिकत प्रसिद्ध झाली. बिघाड मज्जातंतूंच्या कार्यात आहे एवढे कळले. कोणत्या प्रथिनात, ते नाही.

पुढची गोष्ट अगदी वेगळ्या घरांत घडली. बर्कलेत शेकमन आणि नोव्हिक यांनी यीस्टच्या पेशींचे असे वाण मिळवले, की ज्यांचा स्राव उष्णतेत तुंबे. आत माल साठल्याने त्या पेशी जड होत आणि घनतेच्या फरकाने इतरांपासून वेगळ्या काढता येत. १९८० पर्यंत अशी २३ जनुके हाती आली, त्यांत एक ‘सेक-१८’. तिकडे रॉथमन यांनी फोडलेल्या पेशींचा गॉल्जी परीक्षानळीत ठेवून वाहतूक चालू केली. एन-एथिलमॅलेइमाइड टाकताच ती थांबे, म्हणून त्या द्रव्याला बळी पडणारे प्रथिन त्यांनी हुडकले व १९८८ साली शुद्ध केले. ते ‘एनएसएफ’. पुढल्याच वर्षी उमगले की एनएसएफ आणि सेक-१८ मूलतः एकच. आणि १९९५ मध्ये कळले की कोमाटोज माशीत बिघडलेले जनुकही त्याचेच. तीन दप्तरांत तीन नावांनी नोंदलेला इसम एकच निघाला! सहा घटकांचे हे वलय एटीपीची ऊर्जा खर्चून तो पीळ उलगडते. माशीत ते उष्णतेने निकामी होताच मज्जातंतूंच्या टोकाशी न उलगडलेले पीळ साचतात, पुटिका संदेश सोडण्यास सिद्ध होत नाहीत, आणि माशी कोसळते.

मुंबईत के. एस. कृष्णन यांनी या मूर्च्छित माश्यांचा अभ्यास पुढे चालू ठेवला. सिद्दिकी २६ जुलै २०१३ रोजी निवर्तले, आणि त्याच ऑक्टोबरात पेशीतील वाहतुकीच्या शोधांसाठी रॉथमन, शेकमन व तिसरे मानकरी झ्यूडहोफ यांना नोबेल जाहीर झाले. पारितोषिक योग्य हातीच गेले, याविषयी मला शंका नाही. यंत्रणा उलगडली ती त्यांनी. तथापि मराठीत या विषयावर लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती, की यीस्टचा आणि परीक्षानळीचा वृत्तान्त सांगताना १९७६ च्या त्या माशीला एक ओळ अवश्य द्यावी.