पालथ्या निगेटिव्हची कुळकथा

पोलरॉइडची गोष्ट संस्थापक एडविन लँड यांच्या लेकीपासून सुरू करायची रीत आहे. १९४३ साली सांता फेला सुट्टीत असताना तीन वर्षांच्या जेनिफरनं विचारलं, काढलेला फोटो लगेच का दिसत नाही? गोष्ट गोड आहे. पण या घराण्याचा मूळपुरुष शोधायला कचेरीतच जावं लागतं. बेल्जियममध्ये गेव्हर्टचे आंद्रे रॉट आणि जर्मनीत आग्फाच्या एडिथ वायडे यांनी कागदपत्रांच्या नकला काढायची एक युक्ती त्याआधीच शोधली होती. निगेटिव्हच्या ज्या भागावर उजेड पडलेला नाही तिथली चांदी रसायनात विरघळवायची आणि वर चिकटवलेल्या कागदावर उतरवायची. लँड यांनी १९४७मध्ये दाखवलेला झटपट फोटो याच तत्त्वावरचा. १९६३च्या पोलाकलरमध्ये चांदीऐवजी रंगच कागदावर जाऊ लागले.

म्हणजे हा फोटो मुळात उतरवलेलाच. मग तो कंपनीच्या चकचकीत कागदावरच कशाला उतरवायचा? पोलरॉइडच्या प्रयोगशाळेत एक निगेटिव्ह टेबलावर पालथी राहिली आणि टेबलावर चित्र उमटलं, अशी हकिकत सांगतात. निगेटिव्हचा स्वभाव पाहता मला ती पटते.

पुढे पोलरॉइडची ६६९ क्रमांकाची फिल्म असं चित्र दुसऱ्या कागदावर उतरवायच्या कामाला फार चालली. एरवी तिला मिनिटभर द्यायचं. इथे दहा-पंधरा सेकंदांतच निगेटिव्ह आणि तिचा कागद हे दोन्ही पदर सोलायचे. जलरंगाचा कागद आधी कोमट पाण्यात भिजवून, निपटून ठेवलेला असतो. त्यावर निगेटिव्ह पालथी घालायची, रबरी रूळ फिरवायचा आणि एक-दोन मिनिटांनी कोपऱ्याकडून हलकेच उचलायची. रसायन अल्कली, तेव्हा हातमोजे हवेतच. सोलायला उशीर झाला तर रंग पहिल्या कागदानं आधीच पळवलेले असतात. घाई केली तर अर्धवट निगेटिव्हला उजेड लागतो. सगळं जमलं तरी गडद भागाच्या खपल्या निघतात आणि खालचा पांढरा कागद डोकावतो. चित्रकारांना नेमकं हेच आवडलं. डेलॅब या यंत्रामुळे जुन्या स्लाइडही फिल्मवर घेता येऊ लागल्या, तेव्हा एकच चित्र मनासारखं उतरेपर्यंत पुन्हापुन्हा करता येऊ लागलं.

२००८मध्ये पोलरॉइडनं झटपट फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेचा कारखाना 'इम्पॉसिबल प्रोजेक्ट' या कंपनीनं वाचवला खरा, पण तिथे बनते ती बंद चौकटीची फिल्म. तिच्यात सोलून वेगळं करायला पदरच नाहीत.