मिश्र दुहेरीतील दुसरे नाव : लिलियाना नात्सिर यांच्या कारकिर्दीचा विचार

क्रीडेच्या इतिहासात व्यक्तीचे चरित्र लिहिणे सामान्यतः सुकर मानले जाते. कारण विजय, पराजय, तिथी व गुण यांची नोंद आधीच झालेली असते. मिश्र दुहेरी बॅडमिंटनच्या बाबतीत मात्र ही नोंदच अडचण उत्पन्न करते. तेथे नोंदीचे एकक व्यक्ती नसून जोडी हे असते, आणि जोडीचा उल्लेख करताना प्रथम पुरुषाचे व नंतर स्त्रीचे नाव लिहिण्याचा प्रघात आहे. परिणामी पुरुष साथीदार बदलला की जणू एक इतिहास संपतो व दुसरा आरंभ पावतो. दोहोंत समान असलेले दुसरे नाव दृष्टीतून निसटते. इंडोनेशियाच्या लिलियाना नात्सिर यांची कारकीर्द या दोषाचे बोलके उदाहरण होय.

मिश्र दुहेरी हा या खेळाचा गौण प्रकार आहे, असा एक समज आहे. इतिहास त्यास अनुकूल नाही. एकेकाळी ‘पूना’ या नावानेही ओळखल्या गेलेल्या या खेळाची ऑल इंग्लंड स्पर्धा १८९९ मध्ये प्रथम भरली, तेव्हा तीत केवळ दुहेरीचे सामने होते व मिश्र दुहेरी त्यांपैकी एक होती. एकेरीचा समावेश पुढील वर्षी झाला. १९७७ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली, तीतही मिश्र दुहेरीस आरंभापासून स्थान होते. ऑलिंपिकमध्ये मात्र १९९२ साली बॅडमिंटनला प्रवेश मिळताना हा प्रकार वगळला गेला व १९९६ साली तो समाविष्ट झाला. गौणत्वाची कल्पना परंपरेतून आलेली नसून तुलनेने अलीकडची आहे, असे यावरून म्हणता येईल.

इंडोनेशियापुरते पाहता या प्रकाराची परंपरा अगदीच क्षीण नव्हती. क्रिस्तियान हादिनाता व इमेल्डा विगुना यांनी १९७९ मध्ये ऑल इंग्लंड व १९८० मध्ये जागतिक विजेतेपद मिळविले होते. परंतु त्यानंतर पाव शतक जागतिक विजेतेपद त्या देशाकडे आले नाही. ही खंडित परंपरा पुन्हा जोडली गेली ती २००५ साली. अमेरिकेतील अॅनाहाइम येथे नोव्हा विडियांतो व लिलियाना नात्सिर विजयी झाले, त्या वेळी नात्सिर अवघ्या एकोणीस वर्षांच्या होत्या.

नात्सिर यांचा जन्म ९ सप्टेंबर १९८५ रोजी सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकास असलेल्या मनाडो येथे झाला. वयाच्या बाराव्या वर्षी घर सोडून त्या प्रशिक्षणासाठी जाकार्तास आल्या. संघात त्यांना ‘बुतेत’ हे नाव पडले. हा शब्द सुमात्रातील बताक भाषेतला असून त्याचा अर्थ ‘मुलगी’ असा आहे. मनाडोच्या खेळाडूस बताक भाषेतील नाव मिळावे, यात त्या बहुभाषिक राष्ट्राच्या व्यवहाराचे एक लहानसे दर्शन घडते. विडियांतो त्यांच्याहून आठ वर्षांनी ज्येष्ठ. या जोडीने २००७ मध्ये क्वालालंपूर येथे पुन्हा जागतिक विजेतेपद, २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकचे रौप्यपदक आणि २००९ मध्ये हैदराबाद येथील जागतिक स्पर्धेचे उपविजेतेपद मिळविले.

याच काळात खेळाच्या गणनपद्धतीत मूलगामी बदल झाला, ही गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. जुन्या पद्धतीत सर्व्हिस करणाऱ्या पक्षासच गुण मिळत असे. २००६ पासून प्रत्येक डावपेचाअंती, सर्व्हिस कोणाचीही असो, गुण मिळू लागला व डाव २१ गुणांचा झाला. त्यामुळे सर्व्हिस व तिची परतफेड या पहिल्या दोन-तीन फटक्यांचे मोल वाढले. मिश्र दुहेरीत बहुधा पुरुष मागील भागातून जोरकस फटके मारतो व स्त्री जाळीजवळ राहते. प्रेक्षकाचे लक्ष स्मॅशकडे असते. परंतु प्रतिपक्षाला फूल वर उचलावयास लावून त्या स्मॅशची संधी निर्माण करण्याचे कार्य पुष्कळदा जाळीपाशीच होते. नात्सिर यांचे बळ नेमके या ठिकाणी होते. त्यांना मागील भागही परका नव्हता. विटा मारिसा यांच्यासह त्यांनी २००८ ची इंडोनेशिया ओपन स्पर्धा महिला दुहेरीत जिंकली होती.

२०१० मध्ये जोडी बदलली. नवे साथीदार तोंतोवी अहमद हे नात्सिर यांच्याहून सुमारे दोन वर्षांनी कनिष्ठ होते. पहिल्या जोडीतील धाकटी खेळाडू दुसऱ्या जोडीत वडीलकीच्या स्थानी आली. नोंदीत मात्र त्यांचे नाव पूर्वीप्रमाणेच दुसरे राहिले. या जोडीने २०१२ मध्ये ऑल इंग्लंड जिंकून ३३ वर्षांचा खंड भरून काढला, व पुढील दोन वर्षेही ते विजेतेपद राखले.

तथापि त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाचा सामना त्यांनी गमावला. १९९२ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या इंडोनेशियास त्या वेळी या खेळात एकही पदक मिळाले नाही. एका राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा भार यानंतर प्रामुख्याने या जोडीवर आला. २०१३ मध्ये ग्वांगजौ येथील जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, चिनी जोडीविरुद्ध निर्णायक डावात १८-२० असे मागे असताना त्यांनी सलग चार गुण घेऊन विजय संपादन केला. पुढे १७ ऑगस्ट २०१६ रोजी, म्हणजे इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनीच, रिओ येथे मलेशियाच्या चॅन पेंग सून व गोह लिऊ यिंग यांना २१-१४, २१-१२ असे नमवून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्या संपूर्ण स्पर्धेत त्यांनी एकही डाव गमावला नाही. मिश्र दुहेरीतील इंडोनेशियाचे हे पहिलेच ऑलिंपिक सुवर्ण होते.

२०१७ मध्ये ग्लासगो येथे चौथे जागतिक विजेतेपद मिळवून, जानेवारी २०१९ मध्ये जाकार्ताच्या इस्तोरा क्रीडागृहात, आणखी एका अंतिम सामन्यानंतर नात्सिर निवृत्त झाल्या. तो सामना त्यांनी गमावला होता.

जोड्यांच्या क्रमाने वाचल्यास या चार जागतिक विजेतेपदांची दोन-दोन अशी विभागणी होते, व ती दोन भिन्न जोड्यांची कामगिरी ठरते. दुसऱ्या नावाच्या क्रमाने वाचल्यास बारा वर्षांचे एक अखंड सूत्र दिसते. विडियांतो यांचा अनुभव, अहमद यांचा जोम आणि प्रशिक्षक रिचर्ड मैनाकी यांचे मार्गदर्शन यांचे श्रेय त्यामुळे उणावत नाही. दुहेरीतील यश एकट्याचे नसतेच. परंतु साधने ज्या क्रमाने नावे देतात, तोच कर्तृत्वाचा क्रम होय असे गृहीत धरणे इतिहासकारास उचित नव्हे. लेखनाचा संकेत आणि वस्तुस्थिती यांतील हा भेद प्रत्येक साधन हाताळताना तपासून पाहावा लागतो, मग ते साधन शिलालेख असो वा खेळाचे गुणपत्रक.