कर्पूरदेवीचा मुलगा

पृथ्वीराज चौहानाच्या आईचे नाव काय, असे विचारले तर बहुतेकांकडून 'कमला' किंवा 'कमलादेवी' असे उत्तर येते. हे उत्तर 'पृथ्वीराज रासो'चे. रासोची कथा अशी : दिल्लीच्या अनंगपाल तोमराला मुलगा नव्हता, मुली होत्या. एक अजमेरच्या सोमेश्वराला दिली, दुसरी कनौजच्या घरात. म्हातारपणी अनंगपालाने आपले राज्य अजमेरच्या नातवाच्या ओटीत टाकले आणि कनौजचा नातू जयचंद जळफळत राहिला. पुढचे सारे नाट्य, संयोगितेच्या हरणापर्यंतचे, या एका दत्तकविधानावर उभे आहे. टॉडने १८२९ साली रासोच्या आधारे राजपुतांचा इतिहास लिहिला आणि ही आई इंग्रजीत गेली. तिथून ती पाठ्यपुस्तकांत आली, नाटकांत आली, दूरदर्शन मालिकांत आली.

अडचण एवढीच, की ही बाई पृथ्वीराजाची आई नव्हती.

दिल्लीच्या लोहस्तंभावर एक छोटा लेख आहे. अनंगपालाने दिल्ली वसवल्याचे त्यात संवत ११०९ म्हणजे इ.स. १०५२ च्या तारखेने नोंदले आहे. पृथ्वीराजाचा जन्म दशरथ शर्मांनी ग्रहस्थितीवरून ११६६ चा काढला. मध्ये शतकाहून अधिक काळ जातो. नंतरचा कुणी दुसरा अनंगपाल धरला तरी बिजोलियाचा शिलालेख आडवा येतो. ११७० सालच्या या लेखात चौहानांच्या विग्रहराजाने ढिल्लिका आणि आशिका, म्हणजे दिल्ली आणि हांसी, जिंकल्याचा उल्लेख आहे. हा विग्रहराज पृथ्वीराजाचा चुलता. दिल्ली अजमेरच्या ताब्यात आली ती तलवारीने, आणि तीही पृथ्वीराज जन्मण्याआधी. आजोबांच्या मांडीवरून मिळण्यासारखे काही उरलेच नव्हते.

रासोच्या कैवाऱ्यांनी एकेकाळी यावर मोठा नामी उपाय शोधला होता. कविराज श्यामलदासांनी १८८६ मध्ये रासोतले संवत जुळत नसल्याचे दाखवल्यावर मोहनलाल विष्णुलाल पंड्यांनी 'अनंद संवत' नावाचा स्वतंत्र शकच मांडला. विक्रम संवतापेक्षा तो नव्वद-एक्क्याण्णव वर्षांनी मागे, म्हणजे जेवढी चूक तेवढाच फरक! भक्ती अशी असावी.

खऱ्या आईचे नाव कर्पूरदेवी. ती त्रिपुरीच्या कलचुरी घराण्यातली, म्हणजे आजच्या जबलपूरजवळची. हे सांगणारा मुख्य ग्रंथ 'पृथ्वीराजविजय'. हे काव्य पृथ्वीराजाच्या हयातीतले असून जयानक या काश्मिरी कवीचे मानले जाते. 'हम्मीरमहाकाव्य' आणि 'सुर्जनचरित' ही नंतरची काव्येही आईचे हेच नाव देतात. 'पृथ्वीराजविजय'ची एकच जुनी प्रत हाती आली. गेओर्ग बूलर १८७५ मध्ये सरकारसाठी संस्कृत हस्तलिखिते गोळा करत काश्मिरात फिरत होते तेव्हा ती त्यांना मिळाली. शारदा लिपीतले भूर्जपत्राचे ते बाड खालच्या बाजूने झिजलेले होते, श्लोक मधेच तुटलेले. बूलरांचा काश्मीर संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला आणि पुढे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झाला. या काव्याची पहिली छापील आवृत्ती, जोनराजाच्या टीकेसह, आपल्या श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी सिद्ध केली. या प्रतीचा परिणाम इतका झाला, की १८९३ मध्ये बूलरांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला रासोची छपाई थांबवावी असे कळवले.

या काव्याला मी दरबारी काव्य म्हणूनच वाचतो. त्यात राजा रामाचा अवतार आहे, भाऊ हरिराज लक्ष्मण आहे. पण स्तुती करणारा कवीही राजाची आई बदलू शकत नाही. दरबारात बसलेल्या प्रत्येकाला ती माहीत असते.

सोमेश्वर राजा होईल असे कुणाला वाटले नव्हते. तो अर्णोराजाचा मुलगा, पण त्याची आई कांचनदेवी गुजरातच्या सिद्धराज जयसिंहाची मुलगी. तो आजोळी, पाटणला वाढला. पुढे कुमारपालाच्या सैन्यातून तो कोकणच्या स्वारीवर गेला आणि कोकणच्या राजाचे मस्तक त्याने उडवले, असे 'पृथ्वीराजविजय' सांगतो. हा राजा म्हणजे उत्तर कोकणचा शिलाहार मल्लिकार्जुन. (मेरुतुंग याच पराक्रमाचे श्रेय आम्बड नावाच्या सेनापतीला देतो. मस्तक एक आणि हक्कदार दोन, असे आपल्याकडे नेहमीच होते.) कर्पूरदेवीशी त्याचे लग्न झाले आणि दोन्ही मुलगे गुजरातेतच जन्मले.

इकडे अजमेरला अर्णोराजाचा खून त्याच्याच थोरल्या मुलाने, जगद्देवाने केला होता. त्याला बाजूला सारून विग्रहराज आला, मग विग्रहराजाचा मुलगा अपरगांगेय, मग जगद्देवाचा मुलगा दुसरा पृथ्वीराज. तो निपुत्रिक वारला तेव्हा ११६९ च्या सुमारास मंत्र्यांनी सोमेश्वराला गुजरातेतून बोलावून आणले. म्हणजे हे कुटुंब अजमेरात परकेच होते. आठ वर्षांत, ११७७ मध्ये, सोमेश्वर गेला. गादीवर अकरा वर्षांचा मुलगा बसला, ज्याच्या घराण्यात राज्यासाठी बापाला मारल्याचा दाखला ताजा होता.

या वेळी राज्य सांभाळले ते कर्पूरदेवीने. तिच्या हाताशी दोन माणसे होती. एक मंत्री कदंबवास, म्हणजे रासोतला कैमास. दुसरा तिचा चुलता भुवनैकमल्ल, त्याच्याकडे सैन्य. कवी म्हणतो, तिच्या कारभारात अजमेर इतके दाट वसले, की सूर्याला जमिनीचा दहावा हिस्साही दिसेना. अतिशयोक्ती वजा केली तरी एक गोष्ट उरते. भर वस्तीचे श्रेय कवी बाल राजाच्या प्रतापाला देऊ शकला असता. त्याने ते आईच्या कारभाराच्या वर्णनात ठेवले.

पहिली कसोटी ११७८ मध्ये आली, आणि ती न लढण्याची होती. मुहम्मद घोरी मुलतानकडून वाळवंट ओलांडून गुजरातवर निघाला. नाडोलचे ठाणे त्याने घेतले, त्याचा दूत अजमेरला येऊन गेला. बारा वर्षांचा राजा खवळला. कदंबवासाने त्याला सुंद-उपसुंदाची गोष्ट सांगितली : दोन शत्रू एकमेकांत लढून मरणार असतील तर आपण मध्ये का पडा? तेवढ्यात गुजरातहून जासूद आला, की अबूच्या पायथ्याशी घोरीचा पराभव झाला. त्या वेळी गुजरातच्या गादीवरही पोरच होते. मेरुतुंगाच्या सांगण्याप्रमाणे राजमाता नाइकीदेवी मुलाला मांडीवर घेऊन रणात उतरली होती. एकाच वर्षी, शेजारच्या दोन राज्यांत, दोन विधवा दोन बाल राजांचे राज्य राखत होत्या. एक लढली, एक थांबली. थांबण्याबद्दल कदंबवासाला पुढे पुष्कळ दोष दिला गेला, आणि चौदा वर्षांनी तराईनला जे झाले ते माहीत असलेल्याला तो देणे सोपे आहे. पण ज्याच्या हातात अल्पवयीन राजा आणि घरातच दावेदार आहेत, त्या मंत्र्याने दुसरे काय करायचे? गुजरात हा काही जिवलग मित्र नव्हता.

दावेदार लवकरच पुढे आला. विग्रहराजाचा मुलगा नागार्जुन याने गुडपूर घेतले. काही अभ्यासक हे आजचे गुडगाव मानतात. नागार्जुनाला बंडखोर म्हणायची पद्धत आहे. वास्तविक दिल्ली जिंकणाऱ्या राजाचा तो मुलगा, आणि गादीवर होता गुजरातेत वाढलेल्या काकाचा पोरगा. त्याचा हक्क कमी नव्हता. पृथ्वीराजाने हत्ती, घोडे, उंट आणि पायदळ घेऊन गुडपुराला वेढा घातला. नागार्जुन निसटला, त्याचा सेनापती देवभट लढत राहिला आणि हरला. नागार्जुनाच्या घरातली माणसे कैद झाली आणि मारलेल्यांच्या मुंडक्यांची माळ अजमेरच्या किल्ल्याच्या दारावर लटकवली गेली. हे शत्रूने लिहिलेले नाही, राजाच्या स्वतःच्या कवीने अभिमानाने लिहिले आहे. आपल्या लाडक्या वीराची पहिली मोठी लढाई ही अशी होती : चुलतभावाशी, आणि मुंडकीही आपल्याच प्रजेची.

त्यानंतर भादानक. बयाना, रेवाडी, अलवार या पट्ट्यातले हे राज्य आज नावानेही कुणाला आठवत नाही. त्यांच्या पराभवाची नोंद सापडते ती जैनांच्या 'खरतरगच्छ-पट्टावली'त. ११८२ मध्ये जिनपतिसूरी आणि पद्मप्रभ यांचा वाद पृथ्वीराजासमोर झाला, त्यातल्या श्लोकांत राजाच्या या विजयाचा उल्लेख येतो. रणभूमीचा पुरावा शास्त्रार्थात मिळावा, हे मला फार आवडते.

मग महोबा. ललितपूर जिल्ह्यातल्या मदनपूरच्या मंदिरात ११८२-८३ चे लेख आहेत. अर्णोराजाचा नातू, सोमेश्वराचा मुलगा पृथ्वीराज याने जेजाकभुक्ती, म्हणजे चंदेलांचा बुंदेलखंड, उजाड केला, एवढेच ते म्हणतात. 'जिंकला' म्हणत नाहीत. चंदेल राजा परमर्दी त्यानंतरही राज्य करत होता. ११९५ चा त्याचा बटेश्वरचा शिलालेख आहे आणि १२०२ मध्ये कालिंजरला ऐबकाने वेढले तेव्हा किल्ल्यात तोच होता. म्हणजे ही लुटीची स्वारी होती. आल्हा-ऊदलच्या गाण्यात मात्र तिला कारण आहे : वाट चुकलेले पृथ्वीराजाचे जखमी सैनिक महोब्याच्या बागेत उतरले, माळ्याशी तंटा झाला आणि वणवा पेटला. हे गाणे पिढ्यानपिढ्या तोंडीच होते. १८६५ च्या सुमारास फर्रुखाबादला चार्ल्स इलियट या अधिकाऱ्याने गायकांकडून ते लिहवून घेतले. बुंदेलखंडात ते पावसाळ्यात गातात. महोब्याला कीरत सागराच्या काठी राखीनंतर कजलीचा मेळा भरतो तो पृथ्वीराजाला हरवल्याच्या आठवणीचा. दिल्ली-अजमेरकडे जो राष्ट्रवीर, तोच महोब्यात चालून आलेला शत्रू. दोन्ही आठवणी आजही जिवंत आहेत.

गुजरातशी मात्र पृथ्वीराजाचे काही चालले नाही. रासोत भीमदेव सोमेश्वराला मारतो आणि पृथ्वीराज सूड म्हणून भीमदेवाला. प्रत्यक्षात दुसरा भीम गादीवरच ११७८ मध्ये आला, सोमेश्वर वारल्यानंतर, आणि १२४० च्या सुमारापर्यंत राज्य करून गेला. ११८४ च्या, बिकानेरकडच्या चरलू गावच्या स्मारकलेखांत नागौरच्या लढाईत पडलेल्या मोहिल वीरांची नावे आहेत. अबूच्या धारावर्षावर पृथ्वीराजाने रात्री छापा घातला आणि तो फसला, हे धारावर्षाच्या भावाने, प्रह्लादनाने, आपल्या नाटकात नोंदले. शेवटी ११८७ पूर्वी तह झाला. त्या तहाची किंमत कळते ती पट्टावलीतल्या एका प्रसंगावरून. अजमेर प्रांतातले श्रीमंत यात्रेकरू गुजरातेत आले होते. अभयड नावाच्या अधिकाऱ्याने त्यांना लुटायची परवानगी मागितली. गुजरातचा प्रधान जगद्देव प्रतिहार भडकला : पृथ्वीराजाशी तह मोठ्या कष्टाने केला आहे, या लोकांच्या केसाला धक्का लावलास तर तुला गाढवाच्या पोटात शिवून टाकीन!

आता पुन्हा आईकडे. कर्पूरदेवी का पुसली गेली? माझे मत असे की दिल्लीमुळे. पृथ्वीराजाच्या काळात दिल्ली हे सीमेवरचे एक ठाणे होते, राजधानी अजमेर. ती राजधानी झाली सुलतानांच्या काळात. पुढच्या भाटांना 'दिल्लीश्वर' हवा होता, दिल्लीवर त्याचा वारसाहक्क हवा होता, आणि वारसाहक्कासाठी दिल्लीची आई हवी होती. त्रिपुरीची विधवा त्या कथेत बसत नव्हती.

तिचा मंत्री मात्र कथेत टिकला, तो खून झाल्यामुळे. मुनी जिनविजयांनी १९३६ मध्ये 'पुरातन-प्रबंध-संग्रह' छापला, त्यात पृथ्वीराजावरचे काही अपभ्रंश छप्पय मिळाले. त्यांतले बहुतेक रासोत बदललेल्या रूपात सापडतात. रासोच्या आत काही जुने आहे याचा हा सर्वांत भक्कम पुरावा, आणि त्यातला एक छप्पय राजाने कैमासावर सोडलेल्या बाणाचा आहे. रासो त्याला कर्नाटी दासीचे कारण देतो. प्रबंध प्रतापसिंह नावाच्या अधिकाऱ्याच्या चुगलीचे. मला दुसरे अधिक पटते. वयात आलेल्या राजाला जुना कारभारी डोईजड होतो, त्याला दासी लागत नाही.

'पृथ्वीराजविजय' यावर गप्प आहे. बाराव्या सर्गात एक काश्मिरी कवी अजमेरच्या दरबारात येऊन दाखल होतो, आणि तिथेच भूर्जपत्रे संपतात.