फ्रँकोफोन

फ्रँकोफोन ही फ्रेंच भाषा बोलणारी व्यक्ती, समाज किंवा प्रदेश यांच्यासाठी वापरली जाणारी संज्ञा आहे. मराठीत तिच्यासाठी 'फ्रेंचभाषक' हा शब्द योजता येतो. ही संज्ञा केवळ भाषेची निदर्शक असून तिच्यावरून राष्ट्रीयत्व, वंश वा धर्म यांचा बोध होत नाही. ॲगथा ख्रिस्ती यांच्या कादंबऱ्यांतील गुप्तहेर हर्क्युल प्वारो याला लोक फ्रेंच समजतात आणि तो आपण बेल्जियन असल्याचे त्यांना बजावतो. प्वारो फ्रँकोफोन आहे, फ्रेंच नाही. 'फ्रँकोफाइल' हा शब्द याहून वेगळा आहे. फ्रान्स व तेथील संस्कृती यांची आवड असणाऱ्यास तो लावतात. अशा व्यक्तीला फ्रेंच भाषा येत असलीच पाहिजे असे नाही.

व्युत्पत्ती

या शब्दाचे पूर्वपद 'फ्रँक' या जर्मानिक लोकांच्या नावावरून आले आहे, तर उत्तरपद 'ध्वनी, वाणी' या अर्थाच्या ग्रीक 'फोने' शब्दावरून. टेलिफोन, ग्रामोफोन या शब्दांत तेच उत्तरपद आढळते. पूर्वपदही मराठीला अगदीच परके नाही. 'फ्रँक'चेच अरबी-फारसीतून आलेले रूप म्हणजे 'फिरंगी'. मात्र जुन्या मराठी कागदपत्रांत ते बहुधा पोर्तुगिजांना उद्देशून येते.

'फ्राँकोफोनी' म्हणजे फ्रेंचभाषक जग, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच भूगोलज्ञ ओनेझिम रक्ल्यू यांनी मांडली. ते वसाहतवादाचे पुरस्कर्ते होते. पुढे हा शब्द बराच काळ मागे पडला. १९६२ साली 'एस्प्री' या नियतकालिकाने फ्रेंच भाषेवर विशेषांक काढला. त्यातील सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष व कवी लेओपोल्ड सेदार सेंघोर यांच्या लेखाने या शब्दाला नवे आयुष्य मिळाले. वसाहतवाद्याने घडवलेला शब्द वसाहतीतून आलेल्या कवीने उचलून धरला, हे लक्षणीय आहे. २० मार्च १९७० रोजी नायजरमधील नियामे येथे फ्रेंचभाषक देशांची सहकार्यसंस्था स्थापन झाली. आजची आंतरराष्ट्रीय फ्रँकोफोनी संघटना ही तिचीच उत्तराधिकारी आहे.

वापर आणि वाद

शब्दाचा अर्थ सरळ असला तरी त्यात कोणाला गणावे, हा प्रश्न सरळ नाही. अल्जीरियात फ्रेंचचा वापर मोठा आहे, तरीही तो देश या संघटनेचा सदस्य नाही. दीर्घ स्वातंत्र्ययुद्धानंतर १९६२ मध्ये मुक्त झालेल्या या देशाच्या दृष्टीने हा शब्द निव्वळ भाषावाचक राहिलेला नाही. तेथील लेखक कातेब यासिन यांनी फ्रेंचला युद्धात मिळालेली लूट म्हटले होते. कॅमेरूनमध्ये दहापैकी आठ प्रांत 'फ्रँकोफोन' व दोन 'अँग्लोफोन' म्हणून ओळखले जातात. ही विभागणी लोकांच्या मातृभाषांवरून नव्हे, तर पूर्वीच्या फ्रेंच व ब्रिटिश अमलावरून पडली आहे. २०१६ मध्ये अँग्लोफोन प्रांतांतील वकील व शिक्षक यांच्या आंदोलनानंतर तेथे सशस्त्र संघर्ष पेटला.

कॅनडातील क्वेबेकमध्ये फ्रेंच वा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना 'अलोफोन' म्हणतात. त्यामुळे घराबाहेर सर्व व्यवहार फ्रेंचमध्ये करणारा, पण हैतीयन क्रिओल मातृभाषा असलेला माणूस मातृभाषेच्या गणनेत फ्रँकोफोन ठरत नाही.

साहित्यक्षेत्रात तर विसंगती उघड दिसते. पॅरिसच्या लेखकाला 'फ्रेंच लेखक' आणि डकारच्या लेखकाला 'फ्रँकोफोन लेखक' म्हणण्याची प्रथा आहे. वास्तविक व्याख्येप्रमाणे दोघेही फ्रँकोफोनच. या भेदाविरुद्ध २००७ मध्ये ४४ लेखकांनी 'ल मोंद' या दैनिकात जाहीरनामा प्रसिद्ध केला; त्यांत मारीझ काँदे, ताहर बेन जेलून व अलँ माबाँकू यांचा समावेश होता.

मराठी भाषकांशी संबंध

मॉरिशस हा फ्रँकोफोनी संघटनेचा सदस्य देश आहे. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी लोकांचे वंशज तेथे राहतात. तेथील प्रमुख वृत्तपत्रे फ्रेंचमध्ये निघतात, संसदेचे अधिकृत कामकाज इंग्रजीत चालते, शाळांतून मराठी शिकवली जाते आणि घरी मुख्यतः मॉरिशियन क्रिओल बोलली जाते.