बाटलीचं बारसं कोणासाठी?

नोव्हेंबर २०१७. शहाद्याच्या सातपुडा साखर कारखान्याचा कार्यक्रम. जळगाव जिल्ह्यातल्या जामनेरचे आमदार आणि तेव्हाचे जलसंपदा मंत्री गिरीश महाजन यांनी सल्ला दिला की दारूचा खप वाढवायचा असेल तर तिला बायकांची नावं द्या, 'महाराजा'चं 'महाराणी' करा. दाखल्याला 'भिंगरी', 'ज्युली' होत्याच. ओरड झाली, मंत्र्यांनी माफी मागितली, विषय संपला.

स्त्रियांचा अपमान झाला, हे खरंच. पण एक प्रश्न राहून गेला. हे नाव कोणासाठी? रोज पिणारा नाव बघून पीत नाही. नाव, रंग, 'संत्रा'ची चव हे सगळं नव्या गिऱ्हाइकासाठी असतं आणि नवं गिऱ्हाईक म्हणजे आपल्या वस्तीतलं मिसरूड फुटलेलं पोरगं. २१ वर्षांखालच्याला दारू विकणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. तरी बाटली त्याच्याशीच बोलते.

हा धंदा जुना आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने इंग्रजांनी मोहाची दारू ठेकेदाराच्या हातात दिली आणि आदिवासींच्या घरातली वस्तू सरकारी महसूल झाली. पुण्यात दारूची दुकानं वाढली तेव्हा १८८० मध्ये नगरपालिकेचे सदस्य जोतीराव फुले यांनी लेखी विरोध नोंदवला. ज्या शहाद्यात मंत्री बोलले, तो तालुका १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता. तिथेच १९७२ नंतर श्रमिक संघटनेतल्या भिल्ल बायकांनी गुत्त्यांवर जाऊन दारूची मडकी फोडली होती. मंत्र्यांना तो इतिहास आठवला नाही. आपण तो विसरायचा का?

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातलं पाचवं शीलही तेच सांगतं. पण प्रतिज्ञा पोराने पाळायची आणि सरकारने त्याच्यापुढे रंगीत बाटली नाचवायची, हा कुठला न्याय? सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग २०१६ पासून इशाऱ्याच्या चित्राने झाकला जातो. दारूच्या बाटलीवर मात्र फक्त शब्दांतला इशारा, तोही बारीक अक्षरात.

म्हणून मागणी साधी आहे. दारूवर फळाचं, बाईचं नाव नको, मोहात पाडणारं चित्र नको. इशारा मोठा आणि मराठीत हवा. आणि गावातलं दुकान हटवायचं असेल तर कायद्याने मतदानाची वाट दिली आहे. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'वर शिक्का मारला की दुकान बंद होतं.

मित्रांनो, जयंतीच्या मिरवणुकीत डीजेपुढे नाचणाऱ्या पोरांच्या हातात काय आहे, ते आधी बघा. मग आईबहिणींच्या सह्या गोळा करायला निघा.

जय भीम!